विषुववृत्त ओलांडणारी आई

देगलूरहून समुद्र फार लांब आहे. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटक आणि तेलंगण या दोन राज्यांच्या सीमेजवळ वसलेल्या या गावाला पाणी ठाऊक आहे ते लेंडीचे आणि मांजरा नदीचे. तरीही अलीकडे शाळांना सुट्टी लागली की इथली काही कुटुंबे मुलाबाळांसह हैदराबाद गाठतात आणि तिथून विमानाने अंदमानला, श्रीलंकेला, क्वचित मॉरिशसलाही जाऊन येतात. निघण्याआधी घरातल्या आईच्या मनात जे प्रश्न येतात, ते मात्र फारसे बदललेले नाहीत. धाकट्याला लाटा सोसतील का, तिथले अन्न त्याच्या पोटात ठरेल का, ताप आला तर डॉक्टर कुठे मिळेल, आणि एवढ्या दूरदेशी आपल्या मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील? सव्वाशे वर्षांपूर्वी पोरबंदरच्या एका सत्तावीस वर्षांच्या स्त्रीने हेच प्रश्न मनात घेऊन मुंबईच्या बंदरात आगबोटीवर पाऊल ठेवले होते. तिचे नाव कस्तुरबा गांधी.

कस्तुरबांचे चरित्र बहुधा गांधीजींच्या चरित्राच्या समासात लिहिले जाते. पतिव्रता, सत्याग्रही, आश्रमाची माउली अशी तीन-चार ठरलेली चित्रे आपल्या डोळ्यांसमोर असतात. मुले बरोबर घेऊन महासागर ओलांडणारी प्रवासी ही त्यांची ओळख त्यात कुठेच नसते. वास्तविक त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची अठरा वर्षे या प्रवासांनी व्यापलेली आहेत. त्या प्रवासांमध्येच, 1901 साली, मॉरिशस बेटावर झालेला एक मुक्काम आहे. गांधीजींच्या चरित्रकारांनी त्याची नोंद एक-दोन परिच्छेदांत आटोपली आहे. एका आईच्या बाजूने पाहिले तर मात्र तो मुक्काम सहज ओलांडून जाण्यासारखा नाही.

कस्तुरबांचा जन्म 11 एप्रिल 1869 रोजी पोरबंदर येथे झाला. वडील गोकुळदास माकनजी हे सुखवस्तू व्यापारी. मुलींनी शाळेत जावे असा तो काळ नव्हता आणि ती रीतही नव्हती. लहानपणीच वाङ्‌निश्चय झाला आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास विवाह. पती बरोबरीच्याच वयाचा, किंबहुना काही महिन्यांनी लहान. त्याला आपल्या पत्नीला शिकवण्याची हौस होती. परंतु एकत्र कुटुंबात दिवसा पती-पत्नींनी बोलायचेही नसे, तिथे पाटी-पेन्सिलीची काय कथा! पुढे कस्तुरबा कसेबसे साधे गुजराती वाचू-लिहू लागल्या, एवढीच त्या हौसेची फलश्रुती. आपण तिला शिकवू शकलो नाही, ही खंत गांधीजींनी आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवून ठेवली आहे.

पहिले अपत्य जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले. 1888 साली हरिलालचा जन्म झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पती बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघून गेले. त्या प्रवासाच्या खर्चासाठी पत्नीचे दोन-तीन हजारांचे दागिने मोडण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. समुद्रप्रवास आणि कस्तुरबांचे दागिने यांची गाठ अशी तेव्हापासूनच पडलेली आहे. समुद्र ओलांडला म्हणून जातीने गांधीजींना वाळीत टाकले. तीन वर्षांनी ते परतले, 1892 मध्ये मणिलाल झाला आणि 1893 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा निघाले, या वेळी दक्षिण आफ्रिकेला. म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या चौदा वर्षांतला मोठा भाग या स्त्रीने राजकोटच्या घरात, दोन लहान मुलांसह, बोटीने येणाऱ्या पत्रांची वाट पाहण्यात काढला. ती पत्रे तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत असतील, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे.

1896 मध्ये मात्र गांधीजी कुटुंबाला न्यायला आले. दादा अब्दुल्ला यांच्या कूरलँड नावाच्या आगबोटीवरून सगळ्यांना भाडे न घेता नेण्याचे ठरले. कस्तुरबा, आठ वर्षांचा हरिलाल, चार वर्षांचा मणिलाल आणि गांधीजींच्या विधवा बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा गोकुळदास, असा हा गोतावळा. तयारी कशाची करायची? तेव्हाच्या नव्या बॅरिस्टरांनी ठरवले की सुधारलेले दिसायचे असेल तर युरोपियनांच्या शक्य तितके जवळ गेले पाहिजे. एकदम साहेबी पोशाख अंगावर चढवणे बरे दिसणार नाही, तेव्हा मधला मार्ग म्हणून पारशी पद्धत पसंत करण्यात आली. कस्तुरबांना पारशी धाटणीची साडी, मुलांना पारशी कोट आणि पाटलोण, पायांत बूट आणि मोजे, जेवायला काटा-चमचा. मोज्यांना घामाचा वास येई, बुटांनी बोटे आवळली जात, मुले कुरकुर करीत. त्यांची समजूत घालणारी कारणे बॅरिस्टरांपाशी तयार असत, पण कारणांपेक्षा त्यांच्या अधिकारामुळेच हे सारे पार पडले, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली आहे. आज मुलांना परदेशी नेताना नवे कपडे आणि बूट घेण्याची घाई करणाऱ्या आई-वडिलांना हा प्रसंग वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. ते बूट-मोजे आणि काटे-चमचे गांधी कुटुंबातून काही वर्षांनी हद्दपार झाले, तेही अर्थात बॅरिस्टरांच्याच आज्ञेने.

प्रवास अठरा दिवसांचा होता. वाटेत कोठे थांबणे नव्हते. नाताळचा किनारा चार दिवसांवर आला असताना भयंकर वादळाने बोटीला गाठले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारे उतारू एकत्र बसून देवाची करुणा भाकू लागले. पतीला बोट लागत नसे, म्हणून ते कप्तानाचे निरोप घेऊन उतारूंमध्ये हिंडत राहिले. चोवीस तासांनी आभाळ निवळले. त्या चोवीस तासांत तीन मुलांना पोटाशी धरून बसलेल्या कस्तुरबांविषयी मात्र कुणी काही लिहिलेले नाही.

खरे संकट पुढे होते. मुंबईत त्या वर्षी प्लेगची साथ पसरली होती. त्या कारणाने दरबानच्या बंदरात कूरलँड आणि तिच्याबरोबर आलेली नादरी या दोन्ही बोटी क्वारंटाइनमध्ये अडकवण्यात आल्या. दोन्ही मिळून सुमारे आठशे उतारू. मुदत पाच दिवसांची होती, ती वाढत वाढत तेवीस दिवसांवर गेली. कारण केवळ प्लेगचे नव्हते. गांधी आपल्याबरोबर हिंदी लोकांचे लोंढे आणीत आहे अशी आवई उठलेली होती आणि बोटी परत फिरवल्या नाहीत तर उतारूंना समुद्रात लोटून देऊ, अशा धमक्या किनाऱ्यावरून येत होत्या. किनारा डोळ्यांसमोर आणि उतरायची बंदी, अशा अवस्थेत या मुलांनी परदेशातला पहिला नाताळ बोटीवर पाहिला.

13 जानेवारी 1897 रोजी उतरण्याची परवानगी मिळाली. कस्तुरबा आणि मुलांना गाडीतून पुढे पारशी रुस्तमजींच्या घरी धाडण्यात आले. गांधीजी मागाहून पायी निघाले आणि वाटेत जमावाने त्यांना दगड, विटा आणि लाथांनी तुडवले. पोलीस सुपरिंटेंडंट अलेक्झांडर यांच्या पत्नीने आपली छत्री उघडून मध्ये उभे राहून त्यांचा जीव वाचवला. रात्री जमाव रुस्तमजींच्या घराभोवती जमला. घर पेटवण्याच्या आरोळ्या होत होत्या. घराला आणि कुटुंबाला वाचवायचे असेल तर तुम्ही वेष पालटून निघून जा, असे अलेक्झांडर यांनी कळवले. गांधीजी हिंदी शिपायाच्या वेषात निसटले. घर वाचले. परंतु ज्या भूमीवर राहायला आलो तिथला पहिलाच दिवस कस्तुरबांनी कसा काढला असेल? अंगभर जखमा घेऊन आलेला पती, मग त्याचे निघून जाणे, आणि बाहेर आरोळ्या ठोकणारा जमाव! मुलांना आता काय सांगायचे, हा प्रश्न त्या रात्री त्यांच्या एकट्यांच्या वाट्याला आला होता.

दरबानमध्ये घर लागले. 1897 मध्ये रामदास झाला. 22 मे 1900 रोजी देवदासचा जन्म झाला, तेव्हा वेळेवर डॉक्टर किंवा सुईण मिळाली नाही आणि गांधीजींनीच बाळंतपण केले. घरातल्या कारकुनांची शौचाची भांडी उचलण्यावरून पती-पत्नींमध्ये झालेले ते प्रसिद्ध भांडण याच घरातले, 1898 सालचे. त्याची पुनरुक्ती येथे नको. आपल्याला पाहायचा आहे तो मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न, कारण पुढचे सारे त्याच्याभोवती फिरणार आहे.

गोऱ्यांच्या शाळेत मुलांना घालणे गांधीजींना शक्य झाले असते, पण ती मेहेरबानी आणि अपवाद म्हणून. इतर हिंदी मुलांना जी दारे बंद आहेत ती आपल्याच मुलांसाठी किलकिली करून घेणे त्यांना पटले नाही. मिशनऱ्यांच्या शाळेतले वातावरण त्यांना रुचेना. मुलांना स्वदेशी पाठवावे तर आई-बापांपासून तोडणे जिवावर येई. काही काळ दरमहा सात पौंड देऊन एक इंग्रज शिक्षिका ठेवली, तीही व्यवस्था टिकली नाही. मग वडील वेळ मिळेल तेव्हा गुजरातीतून शिकवीत, आणि वेळ बहुधा मिळतच नसे. तत्त्व म्हणून हा निर्णय उदात्त आहे, यात शंका नाही. मात्र त्याचे मोल दहा-बारा वर्षांच्या हरिलालने मोजले. आपल्या घरी अक्षरओळखीपलीकडे न गेलेली आई आणि कामात बुडालेले वडील, यांच्यामध्ये तो मुलगा वाढत होता.

1901 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी स्वदेशी परतण्याचे ठरवले. निरोप समारंभांत हिंदी समाजाने सोन्या-चांदीच्या आणि हिऱ्यांच्या वस्तूंची भेट दिली. त्यात पन्नास गिनींचा एक सोन्याचा हार खास कस्तुरबांसाठी होता. गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. सकाळपर्यंत त्यांनी ठरवले की ही सारी संपत्ती समाजाच्या कामासाठी विश्वस्तांच्या हाती द्यायची. आधी त्यांनी मुलांना विचारले. मुले चटकन कबूल झाली आणि आईची समजूत घालण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. कस्तुरबा कबूल होईनात. त्यांचे म्हणणे असे की तुम्हाला नकोत, मुलांनाही तुम्ही फूस लावली असेल, मी घालणार नाही हेही मान्य, पण उद्या माझ्या सुना येतील त्यांचे काय? मुलांना आत्तापासून बैरागी करता आहात. आणि हा हार मला मिळाला आहे. तुमच्या सेवेत माझ्या कष्टांचा वाटा नाही का? घरी येईल त्याची मी उस्तवार केली, ती कोणत्या हिशेबात धरणार? डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गांधीजींनी कशीबशी संमती मिळवली, आणि तिला संमती म्हणणेही त्यांनाच अवघड वाटले आहे.

या भांडणात कायद्याचा मुद्दा पतीच्या बाजूने असेल, पण हिशेब कस्तुरबांचाच बरोबर होता, असे आमचे मत आहे. घरी आलेल्या शेकडो पाहुण्यांची भांडी कुणी घासली होती, हे त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा उच्चारले. शिवाय त्या हाराकडे त्या स्वतःसाठी पाहत नव्हत्या. परदेशात अंगावर दगड घेणाऱ्या पतीच्या संसारात मुलांच्या भविष्याला आधार काय, याचे ज्या आईला दुसरे काही उत्तर ठाऊक नाही, तिला ते उत्तर सोन्यात दिसणे स्वाभाविक होते.

हे सारे ताजे असताना 18 ऑक्टोबर 1901 रोजी नौशेरा बोटीवरून कुटुंब दरबानहून निघाले. चार मुले: तेरा वर्षांचा हरिलाल, नऊ वर्षांचा मणिलाल, चार वर्षांचा रामदास आणि दीड वर्षाचा देवदास. 30 ऑक्टोबरला बोट मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात आली आणि तिचा मुक्काम लांबला. 19 नोव्हेंबरपर्यंत ती तिथेच होती. अशा रीतीने ध्यानीमनी नसताना तीन आठवडे या कुटुंबाच्या वाट्याला एक उष्ण कटिबंधातले बेट आले.

आजच्या पर्यटकाच्या मॉरिशसमध्ये निळे पाणी आणि पांढरी वाळू असते. 1901 चे मॉरिशस म्हणजे ऊस. डोंगराच्या पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंत उसाचे मळे, साखर कारखान्यांची धुराडी, आणि त्या मळ्यांत राबणारे हिंदी मजूर. गुलामगिरी रद्द झाल्यावर 1834 पासून करारावर मजूर आणण्यास सुरुवात झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे या बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांना उतरवून घेत, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बिहारी आणि तमिळ मजुरांइतके नसले, तरी मुंबई बंदरातून गेलेले मराठीही त्यांत होते, मुख्यतः कोकणातले. त्यांची कित्येक मुले आईच्या कडेवर बसूनच समुद्र ओलांडून आली होती. गांधी कुटुंब आले तेव्हा बेटाच्या लोकवस्तीत दोन तृतीयांशाहून अधिक लोक हिंदी वंशाचे होते. त्यांच्या पुढच्या पिढीचा जन्म तिथलाच, आणि शाळा मात्र फार थोड्यांच्या नशिबी. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की मळ्यात.

या मुक्कामाची जी नोंद राहिली ती बॅरिस्टरांची. त्यांनी वसाहतीतल्या लोकांच्या भेटी घेतल्या आणि गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांच्याकडे एक रात्र पाहुणचार घेतला. 13 नोव्हेंबरला पोर्ट लुईच्या ताहेर बाग येथे मुस्लिम व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने त्यांचा सत्कार झाला. त्या सभेतील त्यांच्या भाषणाचा आशय असा होता: या बेटाची साखर हिंदी मजुरांच्या घामातून पिकली आहे, येथील हिंदी लोकांनी आपल्या मातृभूमीची ओळख करून घ्यावी, राजकारणात लक्ष घालावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या मुलांच्या शिक्षणाकडे विनाविलंब लक्ष द्यावे.

मुलांच्या शिक्षणाकडे! हा उपदेश करणाऱ्याचा थोरला मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि कोणत्याही शाळेच्या पटावर नियमाने त्याचे नाव नव्हते. हा आरोप करण्याचा हेतू नाही. स्वतःच्या घरी न सुटलेला प्रश्नच माणसाच्या बोलण्यात वारंवार येतो, आणि तो बोलतो तेव्हा खोटेही बोलत नसतो. तो उपदेश मॉरिशसच्या कामी आला, हेही खरे. 1907 मध्ये बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर बेटावर गेले आणि त्यांनी मजुरांची गाऱ्हाणी न्यायालयांत मांडली. पुढे 12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. दांडीयात्रेच्या आरंभाचा तोच दिवस त्यासाठी निवडलेला होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत इतर भारतीय भाषांबरोबर मराठीही शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातून उसाच्या मळ्यात गेलेल्या आयांची पणतवंडे आज मराठी शिकतात, त्यामागे अनेकांचे श्रम आहेत. ताहेर बागेतली ती संध्याकाळ त्यांच्या फार आधीची.

डिसेंबरच्या मध्याला कुटुंब राजकोटला पोहोचले. 1902 मध्ये मुंबईत बिऱ्हाड थाटले आणि दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. सोबत फुफ्फुसांचा दाह. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्याचा सल्ला दिला. गांधीजींनी तो नाकारला आणि पाण्याचे उपचार सुरू केले. ताप 104 अंशांवर. एका रात्री ओल्या चादरीत मुलाला गुंडाळून, त्याला आईच्या स्वाधीन करून, ते डोके शांत करण्यासाठी चौपाटीवर गेले. घाम फुटला, ताप उतरला आणि पुढे चाळीस दिवस दूध व फळांचा रस यांवर मुलगा बरा झाला. प्रयोग यशस्वी झाला म्हणून आपण तो कौतुकाने वाचतो. त्या एका रात्री उशाशी बसून राहिलेल्या बाईच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवले तर कौतुक जरा बेताचे होते.

गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतून पुन्हा बोलावणे आले. 1904 च्या सुमारास कस्तुरबा धाकट्या तिघांना घेऊन त्यांच्यामागोमाग निघाल्या. हरिलाल मागे राहिला. या वेळी बोटीवर पती नव्हते. सात वर्षांचा रामदास कप्तानाबरोबर खेळता खेळता पडला आणि त्याचा हात मोडला. बोटीवरच्या डॉक्टरांनी तो बांधला, आणि गळ्यात हात अडकवलेला मुलगा घेऊन ही आई जोहान्सबर्गला पोहोचली. पतीने पट्टी सोडून मातीचे उपचार केले. महिन्याभरात हात बरा झाला.

पुढची दहा वर्षे फिनिक्स आश्रमाची आणि सत्याग्रहाची. 1913 मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीखेरीज झालेले विवाह दक्षिण आफ्रिकेत बेकायदा ठरले. म्हणजे कस्तुरबा कायद्याच्या दृष्टीने पत्नी नव्हत्या आणि चारही मुले औरस नव्हती. सप्टेंबरमध्ये सोळा जणांची पहिली तुकडी परवान्याशिवाय ट्रान्सवालची सीमा ओलांडण्यास निघाली. तिच्यात कस्तुरबा होत्या आणि रामदासही होता. तीन महिने सक्तमजुरी झाली. 22 डिसेंबरला त्या सुटल्या तेव्हा शरीराचा सापळा झाला होता. बारा वर्षांपूर्वी मुलांसाठी हार मागणाऱ्या बाईने या वेळी मुलांच्या नावासाठी तुरुंग पत्करला, असे म्हटले तर चूक ठरू नये.

थोरल्याचे दुखणे मात्र वाढत गेले. हरिलाल दक्षिण आफ्रिकेत आला, सत्याग्रहात अनेकदा तुरुंगात गेला, लोक त्याला धाकटे गांधी म्हणू लागले. त्याची इच्छा एकच होती, वडिलांसारखे विलायतेला जाऊन शिकावे. शिष्यवृत्तीची संधी चालून आली तेव्हा वडिलांनी ती दुसऱ्याला देववली. 1911 मध्ये त्याने घर सोडले. 1918 मध्ये त्याची पत्नी वारली. नंतरची कहाणी दारू, कर्ज आणि धर्मांतर यांची आहे. त्याच्या मुलांना सांभाळले ते कस्तुरबांनी.

1914 मध्ये केप टाऊनहून लंडनमार्गे त्या कायमच्या स्वदेशी परतल्या. 9 जानेवारी 1915 रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर त्या उतरल्या तेव्हा मुले बरोबर नव्हती. साबरमती, चंपारण, वर्ध्याजवळचे सेवाग्राम हा पुढचा प्रवास सर्वांना परिचित आहे. 1927 च्या मार्चमध्ये मणिलालचा विवाह अकोल्याच्या सुशीला मश्रूवाला यांच्याशी झाला आणि ही वऱ्हाडातली सून समुद्र ओलांडून फिनिक्सला गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कस्तुरबा गांधीजींसह खादीच्या दौऱ्यावर सिलोनला गेल्या. मॉरिशसनंतर सव्वीस वर्षांनी पुन्हा एक बेट. आता बरोबर एकही मूल नव्हते. एका सभेत यजमानांनी गैरसमजाने त्यांची ओळख गांधीजींच्या मातोश्री अशी करून दिली. सभा कानकोंडी झाली. गांधीजींनी हसून ती चूक मान्य करून टाकली, कारण काही वर्षांपासून हे नाते खरोखरच तसे झाले आहे, असे त्यांचे म्हणणे. कस्तुरबा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या.

एकदा कटनी स्टेशनवर गाडी थांबली असता गर्दीतून फाटक्या कपड्यांतला हरिलाल पुढे आला. बाहेर गांधीजींचा जयजयकार चालू होता, त्याने एकट्याने कस्तुरबांचा केला. खिशातून एक संत्रे काढून आईच्या हातात दिले आणि ते तिनेच खावे, वडिलांना देऊ नये, अशी अट घातली. गाडी सुटल्यावर आईच्या लक्षात आले की आपण त्याला खायला काहीच दिले नाही. टोपलीतली फळे काढेपर्यंत फलाट मागे पडला होता.

ऑगस्ट 1942 मध्ये कस्तुरबांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. तेथे गांधीजींनी पन्नास वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली शिकवणी पुन्हा हाती घेतली. गुजराती वाचन आणि भूगोल. सत्तरी ओलांडलेल्या या विद्यार्थिनीला पंजाबातल्या नद्यांची नावे काही केल्या लक्षात राहत नसत आणि ती खट्टू होई. मुंबई, दरबान, मॉरिशस, केप टाऊन असा प्रवास करून जिने चार वेळा विषुववृत्त ओलांडले, त्यांतील तीन वेळा मुलांसह, तिला नकाशावरचे पाठांतर जड जावे, यात मौज आहे आणि काहीतरी बोचणारेही आहे. केंद्र सरकारने 2004 मध्ये मागास तालुक्यांतील मुलींसाठी निवासी शाळांची योजना काढली, तिला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय हे नाव दिले. नांदेड जिल्ह्यातही या शाळा आहेत. तिथल्या मुलींना पंजाबच्या नद्या पाठ येत असतील.

1944 च्या जानेवारीपासून हृदयविकार बळावला. मुलांना भेटण्याची परवानगी मिळाली. फेब्रुवारीत हरिलाल आला, पण शेवटच्या भेटीच्या वेळी तो शुद्धीत नव्हता. त्याला पाहून त्यांनी कपाळ बडवून घेतले आणि त्याला बाहेर नेण्यात आले. मणिलाल दक्षिण आफ्रिकेत होता, समुद्रापलीकडे. देवदासने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवले. सतत सुया टोचणे गांधीजींना मान्य झाले नाही, मुलाने वाद घातला आणि अखेर त्याने माघार घेतली. 22 फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पतीच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली. दुसऱ्या दिवशी पॅलेसच्या आवारातच, महादेवभाई देसाईंच्या समाधीशेजारी, चिता रचली गेली. मॉरिशसला गेले तेव्हा जे मूल दीड वर्षाचे होते त्या देवदासने अग्नी दिला. राख गोळा करताना त्याला आईच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या न फुटलेल्या सापडल्या.